पहारेकऱ्यांची मोसंबी

दारात मोसंबीची पहिली पिशवी आली तेव्हा मला वाटलं, कोणाच्या तरी मळ्यातला माल उतरला असेल. अमरावतीत हे नवीन नाही. ज्याच्या झाडांना फळ येतं तो चार घरी देतो, आणि घेणारा पुढे कितीतरी दिवस त्या मळ्याचं कौतुक करत राहतो. समोरच्या घरातल्या काकू पिशवी घेऊन उभ्या होत्या. मी "या, बसा" म्हटलं आणि चहा टाकायला वळले, तर त्यांनी मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीवर.

"तुमी उठू नका," त्या म्हणाल्या. "आता आराम करा वो ताई. सैपाकाचं काय ते आमी पाहून घेतो."

"का? मला काय झालंय?"

त्यांनी डोळ्यांना पदर लावला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि निघून गेल्या. दुपारी दुसऱ्या घरून दुसरी पिशवी आली. संध्याकाळी तर कॉलनीच्या पहारा गटाचे प्रमुख स्वतः आले. हे निवृत्त मुख्याध्यापक, आमच्या ओळीत शेवटच्या घरात राहतात. हातात शहाळी, सोबत पत्नी. सोफ्याच्या कडेवर टेकून बसले, आजाऱ्याला भेटायला आलेली माणसं बसतात तसे, आणि घसा खाकरून म्हणाले, "हिंमत सोडू नका मॅडम. आजकाल पयल्या स्टेजले सापडलं तं माणूस ठणठणीत बरा होते."

तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण माझ्या छातीत गाठ आहे हे तोवर मला, माझ्या नवऱ्याला आणि डॉक्टरीणबाईंना सोडून कोणालाही माहीत नव्हतं. नवरा सांगणाऱ्यातला नाही. तो नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात दिवसभर यंत्रांच्या आवाजात असतो आणि घरी आल्यावर त्याला बोलण्याचाच कंटाळा असतो. डॉक्टरीणबाईंचा या कॉलनीशी काही संबंध नाही. मग मुख्याध्यापकांना हे कळलं कुठून?

मी विचारलं. ते अजिबात चाचरले नाहीत. "आपल्या पेटीवर दिसलं ना," म्हणाले.

या पेटीबद्दल सांगते, पण आधी गाठीबद्दल सांगायला हवं. ती आंघोळ करताना हाताला लागली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सुईने तुकडा काढून नागपूरला पाठवला आणि म्हणाल्या, मला साधीच वाटते, पण रिपोर्ट येईपर्यंत मी काहीच म्हणणार नाही. मीही काही म्हणणार नव्हते. मी चांदूर रेल्वेच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. रोज बसने जाते, मुलांना तह आणि लढाया शिकवते, बसने परत येते. त्या दिवसांतही तेच केलं.

गप्प राहण्याला कारण होतं. माझ्या मोठ्या बहिणीला हाच आजार झाला होता आणि ती त्यातच गेली. ती आजारी असताना आमच्या घरातल्या मोठ्या माणसांनी ठरवलं की आईला सांगायचं नाही, तिला सोसणार नाही. बाबांनी आईला सांगितलं, गाठ साधी आहे. शेवटपर्यंत तेच सांगितलं. अकोल्याच्या आमच्या घरात आई बहिणीच्या उशाशी बसून तिला पेज भरवायची आणि चौकशीला आलेल्या बायांना म्हणायची, साधी गाठ हाय, नुसता अशक्तपणा हाय. बहीण गेली त्या दिवशी आई रडली नाही. तिने बाबांकडे बघितलं आणि विचारलं, "साधी होती ना?" त्यानंतर बाबा असेपर्यंत त्यांनी आणलेल्या कुठल्याही बातमीवर तिने विश्वास ठेवला नाही. अमरावतीची गाडी वेळेवर आहे असं बाबा म्हणाले, तरी ती स्वतः स्टँडवर जाऊन विचारून यायची.

म्हणून मी ठरवलं होतं की रिपोर्ट येईल तसा येवो, तो घेऊन मी अकोल्याला जायचं, आईच्या समोर बसायचं आणि माझ्या तोंडाने तिला खरं काय ते सांगायचं. इतरांच्या कुजबुजीतून किंवा फोनवरून तिला अर्धवट काही कळू द्यायचं नाही. मला आईशी या विषयावर एकदाच बोलायचं होतं आणि ते बोलणं तिला खरं वाटायला हवं होतं. बाकी मला कोणाकडूनही काही नको होतं. मोसंबी तर मुळीच नको होती.

आता पेटी. आमच्या कॉलनीतल्या एका म्हाताऱ्या सरांना पोलिस असल्याची बतावणी करून भामट्यांनी फोनवर दिवसभर धाकात ठेवलं आणि लुबाडलं. ते सर नंतर घराबाहेर पडेनासे झाले. सगळ्यांनाच भीती बसली. आमच्याकडे इंटरनेटची एकच मोठी लाइन सोसायटीच्या ऑफिसात येते आणि तिथून घराघरांत फाटे जातात. कॉलनीत एक तरुण इंजिनियर आहे, पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करतो. त्याने सुचवलं की त्या मोठ्या लाइनवर एक छोटी पेटी बसवू. कुठल्याही घरातून फसव्या साइटवर कोणी बोट ठेवलं की पेटी ती साइट अडवेल आणि ऑफिसातल्या पडद्यावर लाल ओळ उमटेल. मग पाळीवर बसलेला माणूस त्या घरी जाऊन सांगेल, सांभाळा. पाळीला बसायला निवृत्त मंडळी आनंदाने तयार झाली. पहारा गट असं नाव पडलं.

मी त्या बैठकीत होते आणि मी हात वर केला होता. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. गट कामाचा होता. वीज कापण्याची धमकी देणारा खोटा मेसेज आलेल्या एका आजीबाईंना त्यांनी वाचवलं. एका घराच्या दारावरचा स्वस्तातला कॅमेरा घरातली चित्रं परदेशी कुठेतरी पाठवत होता, तेही त्यांनीच शोधून काढलं. मी पहाऱ्याच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये.

नियम असा होता की फक्त लाल ओळी बघायच्या. पण पडद्यावर पांढऱ्या ओळीही असायच्या, म्हणजे कुठल्या घरातून कुठल्या साइटचं नाव मागितलं गेलं त्याची सगळी रांग. त्या झाकायचं काम इंजिनियरने "नंतर करून टाकू" म्हणून ठेवून दिलं. आपल्याकडे नंतर करून टाकू म्हटलेली कामं कशी होतात ते मी सांगायला नको. सुरुवातीला घरांचे नंबरही दिसत नव्हते. मग कोणीतरी म्हणालं, कोणाच्या घरी जाऊन सांगायचं हे कळायला नको का? नंबर आले.

आणि मंडळींना त्याची चटक लागली. ऑफिसात कूलर होता, चहा होता आणि समोर अख्खी कॉलनी होती. मुख्याध्यापकांनी आयुष्यभर मागच्या बाकावर काय चाललंय ते बघितलेलं. निवृत्तीनंतर त्यांना पुन्हा वर्ग मिळाला. अमक्या घरात लग्न जुळवायच्या साइटा उघडल्या जात आहेत हे पाळीवरच्या एकाने बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या भाच्याचा बायोडाटा घेऊन तो त्या घरी हजर झाला. लग्न जुळलं. जेवणावळीत हा किस्सा मोठ्या कौतुकाने सांगितला गेला. मी तिथेच म्हटलं, हे बरोबर नाही, तुम्हाला पांढऱ्या ओळी बघायचा अधिकार नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं ते वर्गात दरडावणाऱ्या बाईकडे बघावं तसं. मुख्याध्यापक जिलेबी वाढून घेत म्हणाले, "मॅडम, लग्न जुयलं ना? पोट्टी सुखात हाय ना? मंग?"

या "मंग?"ला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे, पण आता कोणी विचारत नाही.

रिपोर्टची वाट बघण्याच्या दिवसांत मी कॉलेजातून आल्यावर, नवरा यायच्या आधी, फोन घेऊन बसायची आणि वाचायची. आमच्या घरात मोबाइलची रेंज नावालाच असते, म्हणून घरच्या वायफायवर. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांच्या साइटा, गाठींची माहिती देणाऱ्या साइटा. गाठीत फरक कसा करतात, साध्या गाठी किती प्रकारच्या असतात, सुईने काढलेल्या तुकड्याचं पुढे काय करतात, हे मी वाचत होते. पेटीला यातलं काहीच दिसत नव्हतं. तिला फक्त साइटचं नाव कळतं, दारावरची पाटी वाचावी तसं. आत मी काय वाचत होते ते कळत नाही. पण कॅन्सर रुग्णालयाची पाटी पुन्हा पुन्हा दिसली आणि मुख्याध्यापकांचं निदान झालं. तुकडा अजून नागपूरच्या काचेखालीही गेला नसेल, आणि आमच्या सोसायटीच्या ऑफिसात मला कॅन्सर झालासुद्धा.

इथे माझ्या लोकांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण त्यांना समजून घेतल्याशिवाय माझा राग समजणार नाही. दुसरीकडच्या एखाद्या माणसाने असं चोरून बघितलं असतं तर त्याने ते चोरूनच ठेवलं असतं. आमचा वऱ्हाडी माणूस चोरून बघतो आणि मग फळं घेऊन सांगायला येतो. त्याला त्यात चोरी वाटतच नाही. शेजारी दुखणं आहे हे कळलं आणि आपण गेलो नाही, याची मात्र त्याला खरी लाज वाटते. भेटायला जाणं हे आमच्याकडे कर्तव्य आहे. जो भेटायला येत नाही त्याचं नाव वर्षानुवर्षं निघतं. कोणी कसं कळवलं, कळायला हवं होतं का, हे कोणी विचारत नाही. कळलं ना? मग चला. त्यामुळे पेटीवर दिसलेल्या गोष्टीचं काय करायचं असा प्रश्नच त्यांना पडला नाही. मुख्याध्यापकांनी घरी पत्नीला सांगितलं, पत्नीने समोरच्या काकूंना सांगितलं, आणि सगळे पिशव्या घेऊन निघाले. पांढऱ्या ओळीवर दुखणं दिसलं म्हणून फळं घेऊन जाणारा पहारा गट दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

त्या संध्याकाळी मुख्याध्यापकांना मी फार बोलू शकले नाही. गाठ आहे, रिपोर्ट यायचा आहे, कोणाला काही सांगू नका, एवढंच म्हटलं. "छे छे, आमी कशाले सांगतो?" ते म्हणाले आणि शहाळं फोडून देऊ का विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी बससाठी निघत असताना, आईचा फोन आला. आई सहसा सकाळी फोन करत नाही.

"कशी हायेस वो?"

"बरी आहे. तू?"

"बरी हायेस ना?"

"हो गं. बसला उशीर होतोय."

"मंग ठीक हाय," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मी बसमध्ये बसले. खिडकीतून ओळखीची शेतं गेली. मला कसलीच शंका आली नाही. चार वाजता परत आले तर समोरच्या काकू फाटकाशीच उभ्या. डब्यात मुगाची खिचडी होती. डबा हातात देता देता त्या म्हणाल्या, "तुमच्या आईले बी सांगतलं वो मी. म्हंजे माह्या वैनीनं सांगतलं. त्याइले मालूम असाले पायजे ना. मायले नाई सांगायचं तं कोनाले सांगायचं?"

काकूंचं माहेर अकोल्याचं, आमच्याच वस्तीतलं. त्यांची वहिनी आणि माझी आई एकाच बुद्धविहारात जातात. आदल्या संध्याकाळी वंदना झाल्यावर, सगळ्या बाया चपला शोधत असताना, त्या वहिनीने आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, मावशी, लेकीले कॅन्सर निघाला म्हनते, लय वाईट झालं. तिथे, दारात, सगळ्यांसमोर. आई म्हणे चपला घालून घरी गेली. रात्र काढली. आणि सकाळी मला फोन करून दोनदा विचारलं, कशी हायेस, बरी हायेस ना. आणि मी दोनदा बरी आहे म्हटलं.

मी डबा काकूंच्या हातात परत दिला. "घेऊन जा," मी म्हटलं. रागात माझी भाषा सरळ अकोल्याची होते. "तुमाले कोनं सांगतलं होतं सांगाले? कोनं इचारलं होतं तुमाले?" काकू रडायला लागल्या. मला त्यांची दया आली नाही. आजही येत नाही, आणि लोक म्हणतात तशी मी दगड असेन तर असू दे.

मी तशीच सोसायटीच्या ऑफिसात गेले. पाळी मुख्याध्यापकांची होती. इंजिनियरही काहीतरी दुरुस्त करत बसला होता. पडद्यावर ओळी वर सरकत होत्या. मी माझ्या घराचा नंबर बघितला. नवरा लवकर घरी आला असावा, कारण माझ्या घरातून क्रिकेटच्या स्कोअरची साइट उघडली जात होती. म्हणजे मीसुद्धा माझ्या नवऱ्याला तिथे उभी राहून बघत होते. मला शिसारी आली.

"माझ्या आईला तुमच्यामुळे कळलं," मी म्हटलं. "जे मला अजून माहीत नाही ते तिला कळलं."

मुख्याध्यापक गोंधळले नाहीत, दुखावले गेले. "आमी काय वाईट केलं मॅडम? तुमी एकल्याच काहून सहन करून राहिल्या होत्या? आमी काय परके हाओत?"

"परकेच आहात. या बाबतीत परकेच आहात."

"असं नका बोलू. मानूस मानसाच्या कामी येते."

"मी तुम्हाला कामावर ठेवलं होतं का? भामटे पकडायला बसवलं होतं तुम्हाला. मी भामटी आहे का?"

इंजिनियरने मान वर केली. तो चांगला मुलगा आहे, मला मॅडम म्हणतो, सणाला पाया पडतो. तो अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, असं काही पर्सनल असलं ना, तं मोबाइल डेटावर पाहायचं असते."

म्हणजे चूक माझी होती. माझ्या घरात, माझ्या लाइनवर, माझ्या छातीबद्दल वाचताना मी गच्चीवर जाऊन रेंज शोधायला हवी होती. वर तो म्हणाला की त्या पांढऱ्या ओळी झाकायचं त्याच्या डोक्यात होतंच, वेळ मिळाला नाही. लोकांच्या आयुष्यावर झाकण घालायला त्याला वेळ मिळाला नाही.

मग मुख्याध्यापकांनी जे सुचवलं ते ऐकून मला वाटलं आपण चुकीचं ऐकतोय. ते म्हणाले, आता विषय निघालाच आहे तर विचार करू, दवाखान्यांच्या साइटांचीही वेगळ्या रंगाची ओळ का करू नये? कोणाच्या घरी आजारपण आहे हे वेळेत कळलं तर रक्त लागलं, गाडी लागली, गट धावून जाऊ शकेल. "धोका म्हंजे फकत चोरच असते काय?" त्यांनी विचारलं. ते मनापासून विचारत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला कुठेही लबाडी सापडली नाही, आणि त्यामुळे मला जास्तच राग आला. लबाड माणसाला निदान आपण पकडले गेलो हे कळतं.

मी भिंतीकडे गेले आणि पेटीची वायर उपटली. पडदा थांबला. कॉलनीभर इंटरनेट गेलं असणार, कारण दोन मिनिटांत ऑफिसचा फोन वाजायला लागला.

"हा आपुलकीचा अपमान हाय," मुख्याध्यापक म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "आहे."

इंजिनियरने मी ऑफिसाबाहेर पडायच्या आत वायर परत लावली. रात्री नवरा म्हणाला, जाऊ दे, लोक चांगले आहेत. मला माहीत आहे ते चांगले आहेत. मी रागावले आहे हे खरं आहे आणि ते चांगले आहेत हेही खरं आहे. या दोन्ही गोष्टी एका घरात नांदू शकतात, तू आणि मी नांदतो तशा, असं मी त्याला म्हटलं. तो हसला. मी हसले नाही.

मी लगेच अकोल्याला का गेले नाही असं कोणी विचारेल. गेले असते तर काय सांगितलं असतं? गाठ आहे, कसली ते माहीत नाही? अशी अर्धवट गोष्ट आईने आयुष्यात एकदा ऐकली होती. मला हातात कागद हवा होता. मी तिला फोन केला आणि सांगितलं, आई, तपासणी केली आहे, रिपोर्ट आला की मी स्वतः येते आणि तुला सांगते, तोवर कोणाचं काही ऐकू नको. "बरं," ती म्हणाली. "ये." तिने एकही प्रश्न विचारला नाही. मला प्रश्न हवे होते.

रिपोर्ट आला. गाठ साधी होती. डॉक्टरीणबाईंनी मला त्यातली ओळ न् ओळ समजावून सांगितली. हिची काळजी करायचं कारण नाही, सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा, म्हणाल्या. मी दवाखान्याबाहेर येऊन रसवंतीच्या बाकावर बसले आणि खूप रडले. मग तिथूनच अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा एकाने कचोरी विकायला आणली, मी दोन घेतल्या आणि दोन्ही खाल्ल्या. कितीतरी दिवसांनी मला अन्नाची चव लागली. आईला काय सांगायचं, कुठल्या शब्दांत, ते मी मनाशी म्हणत होते, विद्यार्थी पाठांतर करतात तसं. मला वाटलं होतं, बातमी चांगली आहे म्हणजे काम सोपं झालं.

आई ओसरीत गहू निवडत होती. मी तिच्या समोर बसले, ठरवलं होतं तशी. कागद काढला. "आई," मी म्हटलं, "रिपोर्ट आला. गाठ साधी आहे."

आईचे हात थांबले. तिने वर बघितलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या हातातल्या कागदाकडे.

"बरं झालं," ती म्हणाली.

तिच्या आवाजात काही म्हणजे काही नव्हतं. मी तिला कागदावरचं एकेक वाक्य मराठीत करून वाचून दाखवलं. ती ऐकत होती आणि मान हलवत होती. मी थांबले. "तुझा विश्वास बसत नाही का?"

"बसते ना. काहून नाई बसनार?"

"आई."

तिने सुपातले गहू एका बाजूला केले. "तुया बाबानं बी असाच कागद दाखवला होता," ती म्हणाली. "मले वाचता येत नाई म्हनून मोठ्यानं वाचून दाखवला होता."

मी तिथल्या तिथे डॉक्टरीणबाईंना फोन लावला. स्पीकरवर टाकला. त्या बिचाऱ्या दवाखान्यातली गर्दी सोडून आईशी बोलल्या, साधी गाठ आहे आजी, अगदी साधी, मी सांगते ना. आईने त्यांचे आभार मानले. फोन बंद झाल्यावर म्हणाली, "चांगल्या हायेत बाई. तुया बहिनीचे डाक्टर बी लय चांगले होते."

"आई, ती शेजारीण आणि तिची वहिनी, त्यांना काहीही माहीत नाही. त्यांनी नुसती साइटची नावं बघितली आणि ठरवून टाकलं."

"त्या परक्या हायेत," आई शांतपणे म्हणाली. "त्याइले खोटं बोलाचं काय कारन? त्याइले काय मले जपाचं हाय?"

तिच्या हिशेबात कुठेच चूक नव्हती. तिला ज्यांनी जपलं ते सगळे तिच्याशी खोटं बोलले होते. आणि मीही, विहारातली बातमी तिच्या कानात असताना, फोनवर दोनदा बरी आहे म्हणाले होते.

संध्याकाळी तिने पिशवी भरली. लुगडी, औषधं, चष्मा. "मी येतो तुयासंगं," म्हणाली. "अमरावतीले राहतो थोडे दिवस. तुले कामाले मदत."

ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. आई माझ्या घरी आहे. अकोल्याचं घर बंद आहे, तिचं विहार सुटलं आहे, तिच्या मैत्रिणी तिकडे आहेत. मी घराची लाइन कॉलनीपासून तोडून वेगळी घेतली. गटाचा पहारा चालूच आहे, आणि पांढऱ्या ओळी आता झाकल्या आहेत असं मला सांगण्यात आलं आहे. पुढची तपासणी झाली, तीही चांगली आली. मी तोही कागद आईला वाचून दाखवला. मी बसने कॉलेजला जाते, येते, चालते, भांडते, माझं वजन वाढलं आहे. आई हे सगळं बघते. पहाटे मी झोपेत आहे असं समजून ती येते, माझ्या कपाळावर हात ठेवून बघते आणि मग पेज टाकायला जाते. मला पेज आवडत नाही. मी ती सगळी खाते, कारण मी वाटीत ठेवली तर तिचा चेहरा पांढरा पडतो.

"आई, गाठ साधी होती," मी तिला म्हणते. अजूनही म्हणते, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना.

"हो ना," ती दर वेळी म्हणते, आणि हसते, मला बरं वाटावं म्हणून.